गुहागर-विजापूर रस्ता

गुहागरच्या समुद्राकडे पाठ करून निघालेला हा रस्ता थेट गोलघुमटाच्या विजापुरात पोचतो. बरीच वर्षं तो राज्यमार्ग होता, आता पाट्यांवर राष्ट्रीय महामार्ग १६६ ई असं लिहितात. आमच्या तोंडी मात्र अजून गुहागर-विजापूरच. या रस्त्यावर माझा जीव आहे तो पावसापायी. आषाढात पूर्वेला निघालं की पाऊस बरोबर येतो आणि वाटेत थोडा थोडा मागे राहत जातो.

पोफळी सोडली की कुंभार्ली घाट. एस.टी. पहिल्या गिअरवर येते, काचा वाफेने भरतात, धुक्यात वळणावरच्या कठड्याचे काळे-पांढरे पट्टे तेवढे दिसतात. काळ्या कातळावरून उतरलेलं पाणी चाकांखालून पलीकडे जातं आणि दरीत पडतं. याच डोंगरातून बैलांच्या पाठीवर मीठ आणि सुकी मासळी वर जायची, गूळ-मिरची खाली यायची. दाभोळ बंदरातला माल कऱ्हाडच्या पेठेत असाच पोचला. आणि कऱ्हाड केवढं जुनं! दूर मध्य प्रदेशात भरहूतच्या स्तूपावर या गावाच्या दानाचा लेख आहे.

घाटमाथ्यावर हेळवाक. महाबळेश्वरहून दक्षिणेला आलेली कोयना इथे पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर भेटते. ही तिची स्वतःची वाट. पण वळणाच्या जरा वर धरण झालं आणि शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीकडे उतरू लागलं. तिथे वीज होते. मग ते पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला, समुद्राला मिळतं. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलं. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले, हे ऋण मोठं आहे. त्या विजेसाठी या खोऱ्याने गावं पाण्याखाली घातली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने कोसळलं, माणसं झोपेतच भिंतींखाली गेली. पाटणच्या बाजूला आजही मांडणीवरची भांडी किणकिणली की माणसं आधी दाराकडे बघतात.

पाटण, मल्हारपेठ, कऱ्हाड. पुढे ऊसच ऊस. कडेगावला पावसाची नुसती भुरभुर उरते, विट्याला ढग असतात पण रिकामे. या मातीत पोट भरेना म्हणून खानापूर तालुक्यातली माणसं देशभर सोन्या-चांदीची गलाई करायला गेली. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उपसून टप्प्याटप्प्याने वर चढवलं, तेव्हा कुठे या माळांना हिरवा रंग आला.

जत येईतो घाटात भिजलेली छत्री खडखडीत वाळलेली असते. एकदा जतच्या पुढे एका वस्तीवर टँकर उभा होता. पाइपाच्या सांध्यातून गळणाऱ्या धारेखाली एका बाईने कळशी धरली होती. कळशीच्या काठावरून सांडेल ते खाली ठेवलेल्या घमेल्यात पडत होतं. घमेलं शेळ्यांसाठी. जमिनीवर एक थेंब पडला नाही. घाटात रस्त्यावरून वाहून गेलेलं पाणी मी त्याच सकाळी पाहिलं होतं.

सीमेवरच्या गावांनी पाण्यापायी कर्नाटकात जाण्याची भाषा केली आणि २०२२ मध्ये त्यावरून दोन राज्यांत वाद पेटला. त्या गावांना नावं ठेवणं मला जमत नाही. वीज आता उन्हापासून होते, वाऱ्यापासून होते. पाटणजवळ वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरताहेत. जतच्या विहिरीला पाण्यावाचून दुसरा उपाय नाही. पश्चिमेला सोडतो त्यातलं जेवढं वाचवता येईल तेवढं पाणी पूर्वेला गेलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी जुलैत पहाटे चिपळूणहून निघावं, खिडकीशी बसावं आणि दिवस मावळायच्या आत जतला उतरावं.