दिवसाची सवलत आणि पहाटेची आंघोळ

बारामती

ती. सौ. ताईस,


वीज कोणत्या वेळी वापरली ते नोंदवणाऱ्या नव्या टीओडी मीटरमुळे दिवसा वीज स्वस्त पडणार, तर दुपारीच पाणी तापवून ठेवायला मोठा गिझर घ्यावा का, असं तू विचारलंस. माझं म्हणणं आधीच सांगतो. मीटर बसवू दे, सवलत मिळेल तेवढी घे, पण तिच्या भरवशावर मोठा गिझर घेऊ नकोस. आपल्याकडे घरगुती बिल ठरतं ते वीज कोणत्या तासाला वापरली यावर थोडं, आणि महिन्यात एकूण किती युनिटं झाली यावर फार. आंघोळीचं पाणी हा त्या एकूण युनिटांतला सगळ्यात जड वाटा आहे.

दर काय आहेत ते पाहू. 1 जुलै 2025 पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत जाहीर झाली. 2030 पर्यंत ती टप्प्याटप्प्याने 1 रुपयापर्यंत जायची आहे. जुन्या मीटरवर दिवसरात्र दर एकच. पण दोन्ही मीटरांवर पहिली 100 युनिटं एका दराने आणि 101 ते 300 ही त्याच्या दुपटीहून जास्त दराने, हे कायम आहे. वहन आकार धरला की दुसऱ्या टप्प्यातलं प्रत्येक युनिट दहा रुपयांच्या वर जातं, आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क वेगळं. म्हणजे घड्याळ सांभाळून वाचतात ते 80 पैसे, आणि युनिटच टाळलं तर वाचतात दहा रुपये.

आता पाण्याचा हिशेब. वीस लिटरची बादली थंडीत वीस अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धं युनिट लागतं. घरात रोज सहा बादल्या लागल्या तर तीन युनिटं, महिन्याला नव्वद. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही यांनी पहिली शंभर आधीच संपवलेली असतात, त्यामुळे ही नव्वदच्या नव्वद वरच्या टप्प्यात पडतात आणि नऊशे रुपयांहून जास्त खातात. ती सगळी 9 ते 5 मध्ये वापरली तरी सुटतील जेमतेम बहात्तर रुपये. आणि पोरांची शाळेची गाडी नि दाजींची कामावरची वेळ पाहता तुमच्या आंघोळी नवाच्या आत उरकतात, म्हणजे तेही पदरात पडत नाहीत.

राहिलं दुपारी तापवून पहाटे वापरणं. पंधरा लिटरची टाकी साठ अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.6 युनिट लागतं. त्यावर सवलत मिळाली पन्नास पैसे. दुपारी चारला तापलेलं पाणी पहाटे पाचपर्यंत ठेवलं तर चांगल्या टाकीतूनही पाव युनिटभर उष्णता निघून जाते, आणि ती भरून काढायला अडीच रुपये पडतात. गिझरवरचे तारे याच गळतीवरून दिले जातात, हे दुकानात विचारून बघ. टाकी मोठी घेतली तर सवलत वाढेल तशी गळतीही वाढेल. स्वस्त वीज अशी साठवून वापरण्याची इकॉनॉमी 7 नावाची योजना ब्रिटनमध्ये 1978 पासून चालली. तिथे रात्रीची वीज स्वस्त, ती विटांत उष्णता म्हणून साठवायची आणि दिवसभर घर ऊबदार ठेवायचं. तिथे रात्री भरायचं आणि सकाळ उजाडताच वापरायला लागायचं. आपल्याकडे सौर वीज वाढल्याने स्वस्ताई दिवसा आली आणि गरज पहाटेची राहिली. मधली अख्खी रात्र टाकीला पेलावी लागते.

दाजी म्हणतील, आज सवलत देतील आणि उद्या संध्याकाळी जादा आकार लावतील. ही शंका अगदीच हवेतली नाही, कारखान्यांना संध्याकाळच्या विजेला जास्त पैसे मोजावे लागतातच. पण त्या भीतीवरही उपाय तोच: सगळ्यात जड वापर विजेवरून काढून टाकायचा. जे दिवसा ढकलता येतं ते मात्र जरूर ढकल. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, घरघंटी, इस्त्री यांना पहाट-दुपार सारखीच. त्यातून महिन्याला वीस-पंचवीस रुपये सुटले तरी ते फुकटचे.

पाण्यासाठी गच्चीवर सौर बंब बसवावा. वीज साठवून तोटा होतो तो इथे होत नाही, कारण रात्रीत निघून गेलेली उष्णता उन्हाची असते, तिचं बिल येत नाही. शिवाय आपला बारामती-इंदापूरचा भाग पर्जन्यछायेतला. गरम पाण्याची खरी निकड पौष-माघात, आणि तेव्हा आभाळ स्वच्छ असतं. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी आहे तो छोटा गिझर राहू दे. त्या दिवसांचं बिल सोसवतं. सुरुवातीचा खर्च मोठा आहे हे खरं, पण महिन्याला नऊशे वाचत असतील तर दोन-तीन हिवाळ्यांत त्यातला बराचसा फिटतो.

पाचटावर बंब पेटवावा, फुकट पडतं, असंही घरात कुणी म्हणेल. पाचट फुकट नसतं. उसाच्या सरीत आच्छादन म्हणून पसरलं तर ओल टिकते आणि कुजून जमिनीला लागतं. आणि धुरात बसून बंब फुंकणारी घरातली बाईच असते, तिची पहाट कुणी हिशेबात धरत नाही. गॅस गिझर युनिटाला स्वस्त पडतो, पण बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली आहेत. लावायचाच तर तो न्हाणीच्या बाहेर हवा.

एक अडचण मात्र खरी आहे, बोअरचं जड पाणी. गिझरची कॉइल काढून बघितली तर तिच्यावर पांढऱ्या क्षाराचा जाड थर दिसेल. सौर बंबातही तोच बसतो. तांब्याच्या बारीक नळ्यांचा संच अशा पाण्याने लवकर तुंबतो, काचेच्या नळ्यांचा साफ करायला सोपा, म्हणून तो घ्या. शंभर-दीडशे लिटरचा तुम्हाला पुरेल. तोंड दक्षिणेला, सिमेंटच्या टाकीची वा नारळाची सावली नको, आणि थंड पाण्याची टाकी बंबाच्या टाकीपेक्षा वर असायला हवी. तुमची गच्चीवरची टाकी बसकी आहे, तिला उंचवटा करावा लागेल. गवंड्याला आधी विचारा, मग दुकानात जा.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊ