हेरवाडचा ठराव
कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, सगळंच. बायका हे स्वखुशीने करतात, असं अजूनही म्हटलं जातं. पण नवऱ्याचं प्रेत दारात असताना, भोवतीच्या बायकांनी मनगट धरलेलं असताना खुशी कसली? पुढे हळदीकुंकवाचं बोलावणं बंद होतं आणि आपण अपशकुनी आहोत हे हळूहळू तिलाच पटू लागतं. माझ्या मते खरी हानी ती. ठराव म्हणजेही गावाचाच दबाव, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. तरी फरक मोठा आहे: कुंकू लावायचं की नाही, हे आता तिने ठरवायचं. अर्थात, शेजारणींनी तिला ओटी भरायला बोलावलं, तरच ठराव घराघरात पोचेल.