जगाला आधी बोलावलं, मग घर बांधलं

परिषदांमध्ये दुभाष्याचं काम करणाऱ्याला इमारत कळते ती काचेच्या बूथमधून. व्यासपीठ नीट दिसतं का, वक्त्याचे ओठ दिसतात का, शेजारच्या बूथमधला फ्रेंच आवाज आपल्या माइकमध्ये झिरपतो का, यावर आमचा दिवस ठरतो. बूथमध्ये दोघं असतात. साधारण अर्ध्या तासाने माइक एकाकडून दुसऱ्याकडे जातो. दुसरा तेव्हा विश्रांती घेत नाही; आकडे आणि नावं भराभर कागदावर लिहून जोडीदारापुढे सरकवतो. अशा कामासाठी जागा मुद्दाम बांधावी लागते. दिल्लीतलं विज्ञान भवन कसं उभं राहिलं, याचं मला म्हणूनच अप्रूप आहे.

मार्च-एप्रिल 1947 मध्ये आशियाई संबंध परिषद भरली, ती पुराना किल्ल्यात मांडव घालून. स्वातंत्र्य अजून यायचं होतं. पाहुणे बोलावण्याची उमेद होती, त्यांना बसवायला सभागृह नव्हतं. पुढे युनेस्कोचं 1956 चं अधिवेशन दिल्लीत भरवायचं ठरलं, तेव्हा मात्र मांडवावर भागण्यासारखं नव्हतं. महिनाभराची सभा, समित्यांच्या समांतर बैठका आणि प्रत्येक भाषण त्याच क्षणी अनेक भाषांत ऐकू यायला हवं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे वास्तुविशारद गेहलोत यांनी विज्ञान भवनाचा आराखडा केला. प्रतिनिधींच्या मुक्कामासाठी चाणक्यपुरीत अशोक हॉटेल उभं राहिलं. ते मुंबईच्या बी. ई. डॉक्टर यांचं काम.

विज्ञान भवनाच्या प्रवेशद्वारावर भलीमोठी चैत्यकमान आहे, थेट अजिंठ्याच्या वळणाची. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्यात ही कमान खिडकीचं काम करते, तिच्यातूनच उजेड आत स्तूपापर्यंत पोहोचतो. दिल्लीत तिला असं काम नाही, म्हणून आधुनिक वळणाच्या वास्तुविशारदांना ही नक्कल वाटते. मला तसं वाटत नाही. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं अडीच हजारावं वर्ष देश साजरं करत होता, सारनाथचे सिंह राजमुद्रेवर बसून फार वर्षं झाली नव्हती. यजमानाने दारावर आपली ओळख कोरली, तर त्यात गैर काय?

अधिवेशन सुरू झालं 5 नोव्हेंबर 1956 ला. आदल्या दिवशी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते. अधिवेशन सुरू झालं त्याच दिवशी ब्रिटिश आणि फ्रेंच छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदवर उतरले. त्या सगळ्या देशांची शिष्टमंडळं नव्या कोऱ्या सभागृहात जमली होती आणि अध्यक्षस्थानी मौलाना आझाद होते. त्या दिवसांत बूथमध्ये बसलेल्यांचा विचार मी पुष्कळदा करतो. वक्त्याचा संताप भाषांतरात उतरायला हवा, पण त्यात आपली भर पडता कामा नये. आमच्या कामात याहून अवघड काही नाही. तरीही पूर्व आणि पश्चिम यांनी एकमेकांची सांस्कृतिक मूल्यं जाणून घ्यावीत, यासाठीचा मोठा प्रकल्प याच अधिवेशनात मंजूर झाला आणि पुढे दहा वर्षं चालला.

संस्कृतीसाठी बांधलेलं हे घर पुढे व्यापाराच्याही कामी आलं. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद तिथेच भरली. विकसनशील देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी आयातकरात सवलत द्यावी, हे तत्त्व तिथे एकमताने मान्य झालं. त्या सवलतींचा फायदा पुढे आपल्या निर्यातदारांनाही मिळाला.