रात्री उजेड असलेली टाकी

घरातील वृद्ध व्यक्तीच्या हातावर महिनाभर न भरणारी गाठ दिसली, तर एक प्रश्न अवश्य विचारावा : घरात मासे पाळले आहेत का? कोल्हापुरात पंचवीसहून अधिक वर्षे व्यवसाय करूनही हा प्रश्न मी वेळेवर विचारला नाही. रुग्ण माझे वडील होते आणि मासे आमच्याच दिवाणखान्यात होते.

आईला स्मृतिभ्रंश झाला. शेवटची चार वर्षे ती अंथरुणाला खिळून होती आणि आप्पांनी तिची सेवा केली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी तिची कूस बदलावी लागे. ती वेळ, तिचे खाणे, औषध, सारे काही ते एका लाल वहीत टिपून ठेवत. आई गेली, आप्पांची रात्री दोनची जाग मात्र राहिली. ते उठून पलंगावर बसत आणि म्हणत, "आता कुणाला वळवायचं?" मी झोपेची गोळी सुरू केली. तिसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघराच्या दारात त्यांचा तोल गेला. चौकट हाती लागली म्हणून निभावले. उतारवयात अशा गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो, हे मी इतरांना रोज सांगतो. गोळी बंद केली. त्याऐवजी देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

माझी मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि तिची चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी मागे राहिली. आत नर्सरीत पैदास केलेले दोन क्लाउनफिश आणि सिरॅमिकचे सच्छिद्र दगड. प्रवाळ नाहीत. मालवणच्या समुद्रात ते पाहिले की घरी असावेत असे वाटते खरे. पण दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातच असावेत. आमच्या टाकीवर मात्र तपकिरी बुळबुळीत शेवाळ चढले होते. त्याचे कारण सोपे आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. येथवर काम ठीक चालते, पण नायट्रेट पाण्यातच साठत राहते. यकृताने अमोनियाचे युरियात रूपांतर करावे आणि मूत्रपिंड मात्र नसावे, तशी ही अवस्था.

हे मूत्रपिंड म्हणजे रेफ्युजियम. मुख्य टाकीला नळ्यांनी जोडलेली दुसरी, लहान टाकी. तिला आपण आश्रयटाकी म्हणू. तिच्यात मासे नसतात, मुद्दाम लावलेले शेवाळ असते. ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून वाढते; वाढलेले शेवाळ काढून टाकले की ती घाणही पाण्याबाहेर जाते. न काढता कुजू दिले, तर सारे पुन्हा पाण्यात येते. मासे खाऊन टाकतात असे कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव येथे निर्धास्त वाढतात, म्हणून हा आश्रय. मुलीने फोनवरून ही कल्पना सांगितली. आप्पांनी तेवढेच विचारले, "माप काय?"

आप्पा उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करीत. ओतल्यावर धातू आकसतो, तेवढे माप आधीच वाढवून धरायचे, हा त्यांचा जन्मभराचा हिशेब. त्यांनी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीचे चित्र पोस्टकार्डाच्या मागे काढले. काचा कापून आणल्या, आत दोन आडव्या काचा उभ्या केल्या, म्हणजे पाणी संथ वाहील आणि हवेचे बुडबुडे पंपात शिरणार नाहीत. बुरशीनाशक नसलेले सिलिकॉन वापरले, आठवडाभर वाळवले, मग साधे पाणी भरून खाली वर्तमानपत्र अंथरले आणि दोन दिवस गळती तपासली. टाकीखाली थर्माकोल घातला. शेवाळ निवडले ते कीटोमॉर्फा. हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता वाटावा असे. कौलर्पा दिसायला अधिक देखणा, पण तो कधी कधी एकाएकी विरघळून पाणी गढूळ करतो. शिवाय 1984 मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ आढळलेल्या त्याच्या एका जातीने पुढे भूमध्य समुद्रात केवढा उच्छाद मांडला, हे मी वाचले होते.

पहिल्याच आठवड्यात वीज गेली आणि दिवाणखान्यात दीड बादली खारे पाणी पसरले. पंप थांबताच वरच्या टाकीचे पाणी परतीच्या नळीतून उलटे खाली ओढले गेले होते. मी फरशी पुसत होतो. आप्पा मात्र खुशीत होते, कारण चूक त्यांना सापडली होती. पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली नळीला त्यांनी बारीक भोक पाडले. आता पातळी तेथवर उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी गोड्या पाण्यानेच भरायचे, कारण पाणी उडते आणि मीठ मागे राहते, हेही त्यांना लगेच पटले. (उन्हाळ्यात वृद्धांच्या शरीरातही पुष्कळदा हेच घडते, आणि त्यांना तहान कळत नाही.)

आश्रयटाकीचा दिवा रात्री लावतात. वरच्या टाकीत अंधार असताना खालचे शेवाळ कार्बन डायऑक्साइड घेत राहते, त्यामुळे पाण्याचा सामू फारसा खाली जात नाही. रात्री दोन वाजता आप्पा उठले की कपाटाच्या फटीतून उजेड दिसे. ते स्टूल घेऊन बसत आणि भिंगातून कोपेपॉड पाहत. त्यांची झोप सुधारली असे मी म्हणणार नाही. तीन महिन्यांत नायट्रेट 80 वरून 15 वर आले, एवढे मोजून सांगता येते.

आणि मग ती गाठ. उजव्या तर्जनीला दगड घासताना खरचटले होते. तीन आठवड्यांनी तेथे लालसर जांभळा फुगवटा आला. आप्पांना मधुमेह आहे, म्हणून मी त्यालाच दोष दिला आणि नेहमीच्या प्रतिजैविकांचे दोन कोर्स दिले. पाच आठवडे असे गेले. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ मित्राने बोट पाहताच विचारले, "आप्पा, मासे पाळता का?" तो मायकोबॅक्टेरियम मरिनम होता. क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. माणसाकडून माणसाला होत नाही, पण हाताच्या थंड त्वचेत मुरून बसतो. तो सुमारे 30 अंशांना वाढतो, म्हणून प्रयोगशाळेला आधी कल्पना द्यावी लागते. नेहमीच्या 37 अंशांवरील तपासणीत तो निसटू शकतो. उपचार चार महिने चालले.

सांगलीहून ताईचा फोन आला : ती टाकी आधी घराबाहेर काढा. मीही तेच म्हणालो. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आईला उचलताना माझी कंबर गेली. तेव्हा तिला बाहेर काढा म्हणालास का?"

टाकी राहिली. आता कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आहेत. हातावर ओरखडा असेल तर त्या दिवशी पाण्याला शिवायचे नाही, मग मोजे असोत वा नसोत. तोंडाने नळी ओढायची नाही. भरलेली बादली शेजारचा मुलगा उचलतो. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर नेली आहे, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला आहे. आपल्या घरी टाकी असेल, तर एवढे कराच. यकृताचा आजार असणाऱ्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी खाऱ्या पाण्यात हात घालूच नये.

दर दुसऱ्या रविवारी आप्पा शेवाळ काढतात, निथळतात, जुन्या काट्यावर तोलतात. नोंद त्याच लाल वहीत होते, आईच्या पानांनंतर एक कोरे पान सोडून. गेल्या रविवारी 140 ग्रॅम.