पाहुण्यांवाचून जगणारे गाव : डहाणूच्या भूमीची गोष्ट

१/ मुंबईची लोकल उत्तरेकडे जिथे थांबते ते स्थानक म्हणजे डहाणू रोड. समोर अरबी समुद्र, किनाऱ्यावर सुरूची बने, शेजारी बोर्डीची लांबच लांब पुळण. महानगराच्या एवढ्या जवळच्या किनाऱ्याचे एरवी काय होते, हे अलिबागकडे पाहिल्यास कळते. डहाणूत मात्र शनिवार-रविवारचा पर्यटक आला तर आनंद आहे. न आला तरी चुली पेटायच्या थांबत नाहीत. असे का, याचे उत्तर इतिहासात आहे.

२/ जगात अशी आणखीही उदाहरणे आहेत. स्पेनच्या मिनोर्का बेटावरील आलायोर हे गाव पर्यटकांच्या गर्दीत राहूनही चीज आणि पादत्राणे यांसाठी ओळखले जाते. जे गावात तयार होऊन बाहेर जाते, त्यावर गाव उभे राहते. डहाणूच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे चिकू.

३/ चिकू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेचा. डहाणू-घोलवडच्या मातीत तो रुजला एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांच्या सांध्यावर. इराणातून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांचा बागायतीत मोठा वाटा होता. रायणीच्या खुंटावर केलेली ‘कालीपत्ती’ची कलमे या चुनखडीयुक्त जमिनीला मानवली. २०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले.

४/ या झाडाचे एक अर्थशास्त्र आहे. आंब्याचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. चिकू मात्र कमीअधिक प्रमाणात वर्षभर फळतो. म्हणजे तोडणी, प्रतवारी, भरणी आणि वाहतूक यांचे कामही वर्षभर चालते. जोडीला मासेमारी आहे, वाळवलेला बोंबील आहे, फुग्यांचे कारखाने आहेत, वाढवण-चिंचणी परिसरात दागिन्यांचे साचे घडविणारे कारागीर आहेत. एका धंद्याला ओहोटी लागली तरी दुसरा तग धरतो.

५/ पण ‘गाव भरभराटीला आले’ असे म्हणताना गाव म्हणजे कोण, हे विचारावे लागते. चिकूच्या आधीही ही भूमी मुंबईला माल पुरवीतच होती : जंगलातले लाकूड आणि तबेल्यांसाठी गवत. ते गवत कापणारे वारली मात्र सावकार-जमीनदारांच्या वेठीला बांधलेले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत.

६/ २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर तिचे संघटक. वेठ करायची नाही, हा तिथला निर्धार. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मृत्युमुखी पडले. जेठ्या गांगड हे त्यांतील एक. गोदावरीबाईंनी हा सारा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे.

७/ वेठ संपली. दारिद्र्य संपले नाही. आजही भातकापणी आटोपली की या पट्ट्यातील अनेक आदिवासी कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर निघतात. बागांची हिरवाई आणि हे स्थलांतर ही एकाच तालुक्याची दोन चित्रे आहेत. एक दाखवून दुसरे झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

८/ दुसरा लढा १९८०च्या दशकाअखेरीचा. डहाणूच्या खाडीलगत औष्णिक वीज प्रकल्प येणार असे ठरले, तेव्हा राखेने बागा आणि मासळी या दोहोंचा घात होईल, अशी भीती निर्माण झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रकल्प थांबला नाही. ५०० मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. परंतु २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला आणि उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा घातली.

९/ कागदावरचा नियम राबविण्यासाठी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवण बंदराचा प्रस्ताव अमान्य केला. वीज केंद्राला धुरातील गंधक शोषणारी यंत्रणा बसविणेही त्याच्याच आग्रहामुळे भाग पडले.

१०/ न्या. धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत निवर्तले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला सशर्त मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. प्रकल्पाचा खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक. खोल पाण्यामुळे अजस्र मालवाहू जहाजे येथे लागतील, रोजगार वाढेल, असे समर्थक सांगतात. भराव पडला की मासळीच्या जागा आणि तिच्यावरचे जगणे जाईल, असे मच्छीमार सांगतात.

११/ किनारा बिघडला तर पर्यटक दुसऱ्या किनाऱ्यावर जातो. चिकूचे झाड जाऊ शकत नाही. खाडीवर पोट असलेला मच्छीमारही सहजी जाऊ शकत नाही. पाहुण्यांवर न विसंबणाऱ्या गावाचे बळ त्याच्या जमिनीत आणि पाण्यात असते, आणि त्याची नाजूक बाजूही तीच.

१२/ डहाणूचे वेगळेपण योगायोगाने टिकलेले नाही. येथील भूमीचे काय करावे आणि तिच्या उत्पन्नात कोणाचा किती वाटा असावा, हे १९४५ मध्ये गवताच्या कुरणात विचारले गेले, १९९१ मध्ये न्यायालयात विचारले गेले. आज तोच प्रश्न वाढवणच्या किनाऱ्यावर उभा आहे. तो विचारणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हणण्यापूर्वी एवढे आठवावे, की डहाणूत आज जे टिकले आहे ते पूर्वी कोणीतरी हाच प्रश्न विचारला म्हणून.