सूर्याची हजेरी

जगात काही वाक्ये अशी असतात की ती एकदा पाठ झाली की माणूस पुन्हा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. 'आरोग्य हीच संपत्ती', 'मुंबईचे हवामान दमट व सम आहे' आणि 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' ही त्यांपैकी ठळक. पहिल्या वाक्याचा पडताळा डॉक्टरचे बिल आले की येतो. दुसऱ्याचा मुंबईला उतरल्यावर पाचव्या मिनिटाला सदरा पाठीला चिकटला की येतो. तिसऱ्याचा मात्र जन्मभर येत नाही. आपण म्हणे सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती धावतो आहोत, आणि धावता धावता स्वतःभोवती गिरकीही घेतो आहोत. पुण्याच्या अक्षांशावर ही गिरकी तासाला सुमारे १६०० किलोमीटरची पडते. एस.टी. एका खड्ड्यातून गेली तर शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसणारे आपण, आणि या सगळ्या धावपळीत आपल्या बशीतला चहासुद्धा हिंदकळत नाही!

शाळेत आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी हा विषय प्रात्यक्षिकासह शिकवला होता. वर्गाचा मॉनिटर अंगाने भरलेला, म्हणून तो सूर्य. एक चपळ मुलगा पृथ्वी. मला चंद्र केले होते. सूर्याने नुसते उभे राहायचे, पृथ्वीने स्वतःभोवती फिरत सूर्याभोवती फिरायचे आणि मी फिरणाऱ्या पृथ्वीभोवती फिरत सूर्याला प्रदक्षिणा घालायची. तिसऱ्या फेरीत पृथ्वी बाकावर आदळली आणि चंद्राला घेरी आली. त्यामुळे ग्रहणाचा धडा 'घरून वाचून या' या सदरात गेला. तो अजून तिथेच आहे.

आकाशाच्या बाबतीत आपले एकूण धोरणच 'मान्य करा आणि पुढे चला' असे आहे. याचा अस्सल नमुना पाहायचा असेल तर लग्नात सप्तपदी झाली तरी जेवायला पळू नये. तेव्हा गुरुजी वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. वेळ दुपारी साडेबाराची, स्थळ मंगल कार्यालय. माझ्या पुतणीच्या लग्नात गुरुजींनी छताच्या पंख्याकडे बोट केले आणि विचारले, "तो ध्रुव, ती अरुंधती. दिसली?" पुतणी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. ती म्हणाली, "नाही." गुरुजी हळूच म्हणाले, "दिसली म्हणा. पंगत खोळंबलीय." पुण्याहून ध्रुव उत्तरेच्या क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठींहूनही कमी. तो डोक्यावरच्या पंख्याच्या जागी पाहायचा तर लग्न थेट उत्तर ध्रुवावर लावावे लागेल, आणि तिथे आचारी मिळायची पंचाईत. पुतणी अखेर "दिसली" म्हणाली. पृथ्वीच्या फिरण्याच्या बाबतीत आपण सगळ्यांनी चौथीत असताना हेच केलेले असते.

मी मात्र स्वभावाने 'दिसली म्हणा' पंथाचा नाही. चौतीस वर्षे एका कचेरीत मी मस्टर सांभाळले. माणूस डोळ्यांनी दिसल्याखेरीज त्याच्या नावापुढे सही होऊ दिली नाही. निवृत्तीनंतर मस्टर सुटले, पण हात शिवशिवत राहिले. घरात हजेरी घेण्याजोगे दोघेच. त्यातल्या एकीची हजेरी घेण्याची माझी छाती नव्हती आणि दुसरा मीच. तेव्हा मी सूर्याची हजेरी सुरू केली.

आमची गॅलरी पूर्वेला तोंड करून आहे. दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभे राहायचे, सूर्याचे पहिले टोक ग्रिलच्या कुठल्या गजाआड दिसते ते पाहायचे आणि तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख घालायची. एवढाच उद्योग. खर्च, एक पेन्सिल. पहिल्या आठवड्यात बायको म्हणाली, "भिंतीवर रेघा मारायचं वय आहे का हे?" मी म्हटले, "भिंतीवर नाही, ग्रिलवर." ती म्हणाली, "मग चालू द्या. ग्रिल मी पुसत नाही."

वर्षभरात जो तक्ता तयार झाला तो पाहून कुठल्याही हेडक्लार्कला घाम फुटला असता. 'सूर्य पूर्वेला उगवतो' या वाक्याप्रमाणे तो खऱ्या पूर्वेला वर्षातून दोनदाच आला, २१ मार्चच्या सुमाराला आणि २३ सप्टेंबरच्या सुमाराला. एरवी साहेब दौऱ्यावर! डिसेंबरात उजवीकडच्या पाण्याच्या टाकीमागून, जूनमध्ये डावीकडच्या गुलमोहरातून. पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे पंचवीस-पंचवीस अंश. मार्चमध्ये तो इतका लगबगीने सरकतो की दहा-अकरा दिवसांत एक गज ओलांडतो. २१-२२ डिसेंबरला मात्र टाकीमागे असा रेंगाळतो, की आठ-दहा दिवसांच्या खुणा एकमेकींवर बसतात. बदलीचा हुकूम आलेला माणूस टेबल आवरायला जसा वेळ लावतो, तसा. लेटमार्कचीही गंमत आहे. सगळ्यांत लहान दिवस डिसेंबरातला, पण सगळ्यांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर. पुण्यात तेव्हा सात वाजून गेलेले असतात.

हा तक्ता मी अभिमानाने बायकोला दाखवला. ती म्हणाली, "यात नवीन काय? दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन थंडीत पार फडताळापर्यंत येतं आणि मे महिन्यात खिडकीतसुद्धा येत नाही. म्हणून तर मी डाळी डिसेंबरात घरात वाळवते आणि पापड उन्हाळ्यात गच्चीवर." म्हणजे मी ज्याला पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल म्हणतो, तो या घरात इतकी वर्षे फडताळावर मोजला जात होता.

शेजारचे अण्णा आमच्या या संशोधनात भर घालायला येतात. त्यांच्या मते उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उकडते. वास्तविक ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ५० लाख किलोमीटर लांब गेलेली असते. हे मी अण्णांना सांगितले तेव्हा त्यांच्या अंगात दोन स्वेटर आणि डोक्याला कानटोपी होती. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मीच स्वतःला दोन स्वेटर घालून घ्यावेत.

संक्रांतीलाही असाच पेच पडला. तिळगूळ घेऊन आलेले अण्णा म्हणाले, "आजपासून उत्तरायण." मी त्यांना ग्रिलपाशी नेले. सूर्य २२ डिसेंबरलाच मागे वळला होता आणि संक्रांतीपर्यंत टाकीपासून इतका डावीकडे आला होता की मधल्या जागेत चार सूर्य शेजारी शेजारी मावले असते. पृथ्वीचा आस थकलेल्या भोवऱ्यासारखा डुलतो आणि एक डुलकी पुरी करायला त्याला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. त्या हिशेबाने संक्रांत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. आता त्यांच्यात तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडले आहे. अण्णा विचारात पडले. बायको म्हणाली, "डिसेंबरातसुद्धा तिळगूळ करीन. पण गूळ तुम्ही आणायचा." शास्त्र आणि रूढी यांचा समन्वय इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

मेच्या मध्याला गच्चीवर आणखी एक प्रकार झाला. लोणच्याची बरणी उन्हात ठेवली होती. साडेबाराच्या सुमाराला बायकोने वरून हाक मारली, "अहो, बरणीची सावली गेली!" तिच्या आवाजात मांजराने बरणी सांडल्याची धास्ती होती. मी धावत वर गेलो. बरणीची सावली खरोखरच बरणीखाली जाऊन बसली होती. सूर्य नेमका डोक्यावर. पुण्यामुंबईकडे असे वर्षातून दोनदा होते, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. आणि मधल्या काळात भर दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. जुलैत मात्र ढग असतात, त्यामुळे सूर्य आणि सावली दोघेही रजेवर.

चंद्राची हजेरी मला घ्यावी लागत नाही. ती संकष्टीला आमच्याकडे आपोआप घेतली जाते. पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता उगवणारा चंद्र पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटे उशीर करतो. त्यामुळे चतुर्थीपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात आणि मोदक समोर असून माणूस आकाशाकडे बघत बसतो. उपाशीपोटी केलेल्या निरीक्षणाइतके अचूक निरीक्षण दुसरे नाही. माझी मेहुणी नागपूरला असते. संकष्टीला तिचा फोन ठरलेला, "आमचा झाला बाई चंद्र! तुमचा?" तिचा चंद्र आमच्याआधी वीसेक मिनिटे उगवतो. एकदा बायको फोन ठेवून म्हणाली, "सपाट असती पृथ्वी, तर दोघींनी एकदमच जेवलं असतं." पृथ्वीच्या गोलपणाचा इतका चविष्ट पुरावा आमच्या मास्तरांनी दिला नव्हता.

ग्रहांचे खाते अण्णांकडे. त्यांना साडेसाती असते, नाहीतर त्यांचा मंगळ वक्री असतो. मी त्यांना सांगितले, "शनीला बारा राशी फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे एका राशीला अडीच आणि तीन राशींना साडेसात. झाली साडेसाती. तो आपल्या वाटेनं चाललाय, तुमच्या नाही. गुरूला बारा वर्षं लागतात, म्हणून नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी." "आणि वक्री मंगळ?" मी म्हटले, "दादर सोडल्यावर आपली फास्ट गाडी शेजारच्या स्लो गाडीला मागे टाकते, तेव्हा स्लोमधली माणसं उलटी चालल्यासारखी वाटतात ना? पृथ्वी फास्ट, मंगळ स्लो. दर सव्वीस महिन्यांनी आपण त्याला मागे टाकतो आणि तो बिचारा दोन-अडीच महिने वक्री ठरतो." अण्णा म्हणाले, "म्हणजे वक्री आपणच?" मी गप्प बसलो. शेजारधर्म असतो.

सगळ्यांत कठीण प्रश्न मात्र घरातूनच आला. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "तुमच्या या सगळ्या खुणांत फिरतो तो सूर्यच. पृथ्वी फिरते, ते कुठं दिसलं?"

चौतीस वर्षांत मला इतका अडचणीचा प्रश्न ऑडिटवाल्यांनीही विचारला नव्हता. मी आर्यभटाचा आधार घेतला. इ.स. ४९९ च्या सुमाराला लिहिलेल्या ग्रंथात त्याने नावेत बसलेल्या माणसाचा दाखला दिला आहे: नाव पुढे जाते आणि काठावरच्या गोष्टी मागे जाताना दिसतात, तसेच ताऱ्यांचे. ती म्हणाली, "दाखला झाला. दिसलं कुठं?"

तेव्हा मी तिला पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका' या संस्थेची गोष्ट सांगितली. तिथे फुकोचा लंबक टांगलेला आहे. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये पॅरिसला असाच लंबक सोडला होता. लंबक आपला सरळ झोके घेत राहतो, पण त्याच्या झोक्यांची दिशा हळूहळू वळत जाते. लंबकाला कुणी वळवत नाही. त्याच्याखालची जमीन वळत असते. उत्तर ध्रुवावर ही फेरी एका दिवसात पुरी होते, पॅरिसला सुमारे बत्तीस तासांत. आणि पुण्यात? पंचाहत्तर तास. बायको म्हणाली, "पुण्यात कुठलंही काम तीन दिवसांशिवाय होत नाही, हे मला लंबकाशिवाय ठाऊक आहे." पण नंतर बराच वेळ तिने हातातली मेथीची काडी खाली ठेवली नाही.

गेल्या वर्षी समोरचा दुमजली बंगला पाडला. तिथे आता अकरा मजले उठताहेत. पाण्याची टाकी गेली, गुलमोहर गेला. माझ्या ग्रिलवरच्या बाराही गजांमागे सिमेंट उभे राहते आहे. रंगारी आला तेव्हा त्याने विचारले, "साहेब, या पेन्सिलीच्या खुणा घासून काढू?" मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "तेवढं ग्रिल सोडून रंगवा."

परवा सकाळी मी सवयीने चौकटीला टेकून उभा राहिलो. समोर पाचवा स्लॅब पडला होता. घड्याळाप्रमाणे सूर्योदय होऊन अर्धा तास होत आला, तरी गॅलरीत सावलीच. पेन्सिल हातात तशीच. बायको चहा घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"लेटमार्क कुणाच्या नावावर टाकू? त्याच्या की बिल्डरच्या?" मी विचारले.

"त्याला कसला उशीर? तो आहे तिथंच आहे," ती म्हणाली. "आपणच अजून तिथवर फिरलो नाही. चहा घ्या, तोवर पोचू."