पुलापलीकडचा बाजार

आमच्या घरात वस्तू यायची ती आपला ठावठिकाणा सांगत. तांदूळ गावचा, गूळ कोल्हापूरचा, कापड मिलचं, स्टीलचे डबे बोहारणीचे, आणि सठीसामाशी घेतलेलं पितळेचं पिंप भुलेश्वरचं. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, तीत सात-आठ माणसं, म्हणजे वस्तूला जागा मिळवण्यासाठी आधी कारण द्यावं लागे. आलेली वस्तू मग सहजासहजी घराबाहेर जात नसे. तुमच्याकडेही असंच असणार. पुडीचा दोरा सोडवून गुंडाळणारं, कागद सपाट करून फडताळात अंथरणारं, रिकाम्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून त्यात मोहरी भरणारं कुणीतरी प्रत्येक घरात होतंच.

कापडाचं तर विचारूच नका. दिवाळीच्या आधी वडील मिलच्या दुकानातून एक अख्खा तागा आणायचे. त्यातून सगळ्या भावांचे शर्ट, उरलेल्यातून बहिणीचा झगा, त्यातूनही उरलं तर उशीचा अभ्रा. भाऊबीजेला आम्ही ओळीने बसलो की पाहुण्यांना कोण कुठला ते चेहऱ्यावरूनच ओळखावं लागे. शिंपी माप घेताना आई मागे उभी राहून एकच वाक्य म्हणायची, "अंगाला वाढतं ठेवा हो." बाहीला आत दुमड, चड्डीला आत दुमड. दर वर्षी एक टीप उसवायची, कापड खाली यायचं आणि जुन्या टिपेच्या जागी गडद रेघ राहायची. त्या रेघा मोजून शर्टाचं वय सांगता यायचं. शर्ट मोठ्याचा, मग मधल्याचा, मग धाकट्याचा, मग पिशवी, मग पुसायचं फडकं. जे मऊ राहिलं ते गोधडीत.

यातून सुटलेलं बोहारणीकडे जायचं. दुपारी चाळीच्या मधल्या पॅसेजमध्ये तिची टोपली उतरली की बायका जमायच्या. बोहारीण साडी उचलायची, दोन्ही हातांनी उजेडासमोर धरायची, जरीच्या काठावरून अंगठा फिरवायची आणि तोंड वाकडं करायची. मग खरी लढाई. ही पातेलं मागणार, ती वाटी पुढे करणार. ही पँट परत घेणार, ती टोपली डोक्यावर चढवणार. दोघींना ठाऊक असायचं की शेवट झाकणासकट डब्यावर होणार आहे. त्या डब्यांवर पुढे नावं घातली गेली, मुलींच्या लग्नात ते रुखवतात मांडले गेले. आमच्या काही घरांत त्यांतला एखादा डबा अजून पोह्यांसाठी आहे.

सगळं एका छपराखाली मिळतं असं दुकान आम्ही मॉलमध्ये पहिल्यांदा पाहिलं, असं नव्या पिढीला वाटतं. तसं नाही. फोर्टात अकबरअलीज होतं, पण ते साहेबी थाटाचं. आमचं पहिलं डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे अपना बाजार. १९४८ साली नायगावला कामगारांनी सहकारातून उभं केलेलं. धान्य, कापड, भांडी, औषधं, दिवाळीचं उटणं, सगळं तिथे. घरातलं कुणीतरी सभासद असायचं, त्यामुळे 'आपल्या दुकानात जाऊन येतो' हे शब्दशः खरं असे. वजनात मारणार नाहीत, भेसळ करणार नाहीत, हा भरवसा होता. पुढे १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीचे संघ झाले. महिन्याची यादी आधी द्यायची, सामान एकत्र यायचं आणि कुणाच्या तरी घरी वाटप व्हायचं. ते लावताना बायकांच्या ज्या गप्पा चालत, त्या कुठल्याच दुकानात मिळाल्या नाहीत.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याविषयी पुष्कळ लिहून झालंय. घराच्या बाजूने सांगायचं तर तागा यायचा बंद झाला, वाण्याची वही जाड झाली, आणि बोहारणीला द्यायला जुने कपडे उरले नाहीत, कारण तेच आम्ही घालत होतो. आया घरी डबे करू लागल्या. काही जण गावी गेले ते तिकडचेच झाले. भोंग्यावर घड्याळ लावायची सवय मात्र पुढे कित्येक वर्षं गेली नाही.

लोअर परळचा पूल ओलांडला की सेनापती बापट मार्गावर फिनिक्स मिल. कंपनी १९०५ ची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिच्या आवारात आधी बोलिंगचा खेळ आला, मग एकेक दुकान. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला होता. तिथे सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत जा, असा नियम होता. तेव्हा आमच्या सबंध मजल्यावर मिळून या दोन्हींपैकी एकही वस्तू नव्हती. त्यामुळे मॉल ही आपली जागा नव्हे, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

ते धरणं मोडलं बिग बझारने. २००१ साली त्यांची पहिली दुकानं निघाली आणि त्या सुरुवातीच्या फेरीतच एक फिनिक्सच्या आवारात आलं. बायका आधी बिचकत गेल्या आणि मग पूल रोजचा झाला. कारण साधं होतं. तिथे तांदूळ उघडा ठेवलेला असे. आमच्या आयांनी त्या ढिगात मनगटापर्यंत हात घातला, मूठभर दाणे तळहातावर पसरले, फुंकर मारली, एक दाणा दातांखाली तोडून पाहिला, आणि कुणी हटकलं नाही. वाण्याकडे जे करत होत्या तेच. मुद्दाम गर्दीची, ढीग रचलेली मांडणी होती ती. बाजारासारखी वाटावी म्हणून केलेली. चकचकीत शांत दुकानात आपल्या माणसाला अवघडल्यासारखं होतं, हे ज्याला समजलं त्याने ते दुकान मांडलं होतं.

बुधवारचा स्वस्त बाजार सुरू झाला तेव्हा उपासाच्या वारांत बुधवारचीही भर पडली की काय, असं वाटावं इतक्या नेमाने चाळ रिकामी व्हायची. २००६ च्या २६ जानेवारीला 'सबसे सस्ता दिन' झाला. गर्दी आवरेना म्हणून काही दुकानांत पोलीस बोलवावे लागले. सकाळी झेंडावंदन, तिथून थेट रांग. कुणी प्रेशर कुकर आणला, कुणी चादरी, आणि कुणी नुसतंच बघून आलं नि महिनाभर तेच सांगत बसलं.

त्यांची एक्स्चेंज ऑफर तुम्हाला आठवते? जुने कपडे, रद्दी, मोडकी भांडी घेऊन या, वजनावर कूपन घ्या. चाळीत केवढी धांदल! माळ्यावरून ट्रंका उतरल्या. बोचकी बांधून माणसं पुलावरून निघाली. आमच्या काकी काउंटरवरच्या मुलाशी घासाघीस करायच्या पूर्ण तयारीने गेल्या होत्या. त्याने बोचकं न सोडताच काट्यावर टाकलं, आकडा लिहिला आणि कूपन पुढे केलं. काकी परतल्या त्या हिरमुसल्या. कूपन कमी मिळालं म्हणून नाही. "अरे, त्यात माझी इरकल होती, त्याने उघडूनसुद्धा पाहिली नाही," एवढंच म्हणत राहिल्या. मला या सगळ्या बदलांत तो काटा फार महत्त्वाचा वाटतो. बोहारीण भांडायची, पण काठावरून अंगठा फिरवायची. वस्तू कशी वापरली, किती जपली, याला तिच्या टोपलीत भाव होता. काट्यावर इरकल आणि पोतेरं एकाच वजनाचं.

आवार वाढत गेलं. पँटलून्स आलं, लाइफस्टाइल आलं, मार्क्स अँड स्पेन्सर आलं. २००९ मध्ये पॅलेडियम उघडलं आणि परदेशी नावांची रांग लागली. २०१२ मध्ये पँटलून्सचा कारभार आदित्य बिर्ला समूहाकडे जायचं ठरलं. पाटी तीच, मालक दुसरा. हाजीअलीच्या क्रॉसरोड्सचंही नाव पुढे बदलून सोबो सेंट्रल झालं आणि ते ओस पडत गेलं. मोठ्या दुकानांचं हे असंच असतं. ती येतात तेव्हा शंभर वर्षं राहणार असं वाटतं, आणि धाकट्या मुलाची शाळा संपेपर्यंत पाटी उतरलेली असते. वाणी मात्र तीन पिढ्या तिथेच.

त्या दुकानांत आमच्या चाळीतल्या मुली उभ्या राहिल्या, हे लिहिलंच पाहिजे. बारावी, बीकॉम झालेल्या. काळी पँट, गळ्यात ओळखपत्र, केसांचा घट्ट अंबाडा. वडील ज्या भागात साच्यावर उभे राहिले, त्याच भागात त्या शर्टांच्या घड्या घालत उभ्या राहिल्या. घरी आल्या की पाय गरम पाण्यात सोडायच्या. आजोबा विचारायचे, "आज कुठली पाळी?" आणि त्या घड्याळाची वेळ न सांगता तशाच उत्तर द्यायच्या, "दुसरी." नातीच्या पहिल्या पगारातून घेतलेला तयार शर्ट आजोबांनी आधी उलटा केला, शिवण ताणून पाहिली, आत दुमड किती सोडलीय ते बघितलं. दुमड नव्हतीच. "उसवला तर वाढवणार कसा?" म्हणाले. पण सणाला तोच घालायचे.

२०१८ मध्ये पूल बंद झाला, पुढची पाच वर्षं वळसा पडला. २०२२ मध्ये बिग बझारचा देशभरातला पसारा आवरला, पुष्कळ जागी रिलायन्सची पाटी लागली. आता सामान फोनवरून घरी येतं. पिशवीत काय आलंय ते आई अजूनही एकेक काढून खिडकीपाशी नेऊन बघते. तिच्या हाताला दाणा लागल्याशिवाय तिचं समाधान होत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

मॉलमुळे आमचं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. त्याने मुलींना नोकऱ्या दिल्या, बायकांना पुलापलीकडे नेलं, उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना थंड बाक दिला. पण जिथे कापड विणलं जात होतं तिथे ते नुसतं विकलं जाऊ लागलं, आणि कापडाची पारख असलेली माणसं त्या विक्रीत कुणाला लागली नाहीत. हे नुकसान आमचं एकट्याचं नाही, गिऱ्हाइकाचंही आहे.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात मिलचं हजेरीकार्ड, अपना बाजारचं सभासदपत्र, वाण्याची जुनी वही, फिनिक्सच्या आवारातला एखादा फोटो असेल, तर रद्दीत देऊ नका. घरात अजून सांगणारं माणूस आहे तोवर मिलमध्ये कुठे काय होतं आणि त्या जागी पुढे कुठली दुकानं येऊन गेली, ते विचारून घ्या. कागदाच्या पाठीवर नाव आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवा. शाई उतरते.